भाकड म्हशीवाले कुठे गेले?

आमच्या घरात दर महिन्याच्या एक, अकरा आणि एकवीस तारखेला कुणी आजारी पडायचं नाही, असा अलिखित नियम आहे. त्या दिवशी दुधाचं बिल निघतं. माझे सासरे, म्हणजे अण्णा, कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. सभासद २१४. बिलाच्या आधीचे दोन-तीन दिवस त्यांचा फोन म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी. "अण्णा, माझं किती झालं?" "पेंडीचे किती कापले?" संस्थेत संगणक आहे, फॅट काढायचं मशीन आहे, दूध घातलं की पावती निघते. पण दहा दिवसांचा हिशेब त्या एकाच संगणकात. अण्णा घरी जेवत असले तरी उत्तरासाठी उठून संस्थेत जायचं, नाहीतर मापाड्याला फोन करायचा.

मी कोल्हापुरात एका सीएंच्या ऑफिसात टॅलीचं काम करते. एक्सेल बऱ्यापैकी येतं. प्रोग्रॅमिंग शून्य. तरी एका रात्री जेवताना बोलून बसले, की अण्णा, ही यादी तुमच्या फोनवर दिसेल असं काहीतरी करता येईल. अण्णांनी ताटातून मान वर केली. "सगळी २१४ माणसं?" म्हटलं, हो. "बघ. एक पण कमी नको."

ते वाक्य मी तेव्हा सहज घेतलं.

नणंदेचा मुलगा इचलकरंजीला इंजिनिअरिंगला आहे. त्याने फ्लटरफ्लोचं नाव सांगितलं. गूगलमधून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांनी काढलेलं हे साधन आहे. कोड न लिहिता, चौकोन ओढून-सोडून ॲपचा पडदा मांडायचा, मागे फ्लटरचा, म्हणजे ॲप बनवायच्या गूगलच्या साधनसंचाचा, कोड ते स्वतःच तयार करतं. डावीकडे चौकोनांचं कपाट, मधे फोनचं चित्र, उजवीकडे त्या-त्या चौकोनाचे गुणधर्म. पहिल्या दिवशी मला ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखं वाटलं. एक कप्पा ओढला, त्यात नाव, नावाखाली लिटर आणि फॅट, उजव्या कडेला रक्कम. खाली बारीक करडी रेघ. अण्णांच्या वहीतली ओळच.

मग मी ती ओळ कॉपी केली आणि पेस्ट केली. परत पेस्ट केली. आठ ओळी झाल्यावर प्रत्येकीत वेगळं नाव टाईप केलं आणि फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याचा लगेच फोन. "मामी, दोनशे चौदा वेळा पेस्ट करणार का? आणि उद्या आकडे बदलले की परत टाईप करणार?"

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तसंच काहीसं होतं. एक्सेलची सवय. तिथे ओळी आधीपासून असतात, आपण भरत जातो. इथे उलटं. ओळ एकच काढायची. बाकीच्या ओळी माहितीतून उगवतात. यादीच्या चौकोनाला, ज्याला तिथे लिस्टव्ह्यू म्हणतात, सांगायचं की माहिती अमुक ठिकाणाहून घे, आणि जितक्या नोंदी सापडतील तितक्या वेळा माझ्या या एका ओळीचा छाप उठव. मी क्वेरी, म्हणजे माहिती मागवायची सूचना, जोडली तेव्हा साधनाने विचारलं, की यादीतलं पहिलं अपत्य, म्हणजे पहिली ओळ, ठेवून त्याच्याच प्रती निघतील, चालेल का? चालेल म्हटलं, आणि मी रात्रभर टाईप केलेल्या सात ओळी डोळ्यांदेखत गेल्या. उरलेल्या पहिल्या ओळीत नावाच्या जागी चौकोनी कंसात फक्त रकान्याचं नाव दिसायला लागलं. माणसं गेली, रकाने राहिले.

ही कल्पना काही आजची नाही, हे भाच्याने नंतर सांगितलं. आयफोनची ॲप बनवणाऱ्यांकडे २०११ पासून, आयओएस ५ बरोबर आलेल्या स्टोरीबोर्ड नावाच्या पडदे मांडायच्या सोयीत, 'प्रोटोटाइप सेल' म्हणून हीच गोष्ट आहे. नमुन्याची एक ओळ काढा, बाकी माहिती भरेल. आणि पडदा माऊसने मांडायची हौस त्याहून जुनी. नेक्स्ट नावाच्या कंपनीच्या संगणकावर १९८८ पासून इंटरफेस बिल्डर नावाचं तसं साधन होतं, ज्याँ-मारी ह्युलो नावाच्या फ्रेंच माणसाने घडवलेलं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जगातला पहिला वेब ब्राउझर नेक्स्टच्याच मशीनवर तयार केला, आणि त्यात या इंटरफेस बिल्डरची मदत झाली. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त इतकं कळलं, की अण्णा वहीच्या पानावर पट्टीने रकाने आखतात तेव्हा तेही एकच ओळ काढत असतात. उरलेल्या त्यांच्या मनात असतात.

आता माहिती आणायची होती. संस्थेच्या संगणकातला प्रोग्रॅम जुना, पण त्यातून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी, फाइल निघते. भाच्याने एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे चिमुकला प्रोग्रॅम, लिहून दिली, जी ती फाइल वाचून नोंदी फायरस्टोअर नावाच्या गूगलच्या ऑनलाइन साठ्यात टाकते. फाइल उघडून बघितली तर सभासदांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, टोप्या, डॉलर आणि स्वल्पविराम यांची खिचडी. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठीत डीटीपी केलंय त्यांना हे लगेच ओळखू येईल. प्रोग्रॅम युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचा होता. पडद्यावर मराठी दिसायचं ते फाँटच्या कृपेने, आत सगळं इंग्रजी अक्षरांचं सोंग.

युनिकोडमध्ये बदलून देणारं साधन मिळालं, पण त्याने वेलांट्यांचा घोळ घातला. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, कारण डोळ्याला ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे 'शिवाजी'ची वेलांटी मोकळी सुटून आधीच लटकायची. रफाराचं उलट. 'सूर्यकांत'मधला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. दोन रविवार मी नावं हाताने तपासत होते. अण्णा शेजारी बसून वाचून दाखवत होते, आणि मधे मधे त्या माणसाच्या बापाची, आज्याची हकीगत. त्या दोन रविवारी मला गावाची जेवढी माहिती झाली तेवढी लग्नानंतरच्या नऊ वर्षांत झाली नव्हती.

यादी पहिल्यांदा फोनवर आली तेव्हा क्रम बघून अण्णांनी चष्मा काढून पुसला. एक, दहा, शंभर, एकशे एक, एकशे दोन. दोन नंबरचा सभासद शंभर-सव्वाशे ओळी खाली. "दोन नंबरवाला बघितला तर भांडायला येईल," अण्णा म्हणाले. सभासद क्रमांक फाइलमधून अक्षरं म्हणून आला होता, आकडा म्हणून नाही. अक्षरांच्या हिशेबात 'दहा' हे 'दोन'च्या आधी येतं, कारण पहिलं अक्षर १. शब्दकोशातला क्रम. एक्सेलमध्ये हे मी शंभरदा बघितलंय, हिरवा त्रिकोण येतो ना कोपऱ्यात, तेच. पण इथे कुणी त्रिकोण दाखवत नाही.

मग मी साठ्यात एक नवीन रकाना केला, 'क्रमांक', आकड्याचा. स्क्रिप्टमध्ये भाच्याने दोन ओळी वाढवल्या, की दूध घातलेल्या प्रत्येकाच्या नोंदीत हा आकडाही भरायचा. यादीला सांगितलं, या नव्या रकान्यावर लाव. क्रम सरळ झाला. एक, दोन, तीन. मी खूश होऊन फोन अण्णांच्या हातात दिला आणि चहा टाकायला गेले.

चहा उकळायच्या आत आवाज. "अगं, भाकड म्हशीवाले कुठं गेले?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. अण्णांनी यादी वरपासून खालपर्यंत बोटाने सरकवली होती, आणि त्यांना जी नावं दिसली नाहीत ती सगळी अशी, की ज्यांची जनावरं सध्या आटली आहेत. दूध नाही, म्हणून संस्थेत येणं नाही. मोजली तर १९ कमी. यादीत १९५.

माझा पहिला तर्क असा, की स्क्रिप्टने त्यांना उडवलं. पण साठ्यात बघितलं तर सगळे होते, २१४ च्या २१४, नावासकट. नोंद आहे, यादीत नाही. दोन रात्री मी रंग, उंची, गाळणी, काय काय तपासलं. शेवटी एका भाकड सभासदाची नोंद आणि एका दुभत्या सभासदाची नोंद शेजारी-शेजारी उघडून एकेक रकाना जुळवला. भाकडवाल्याकडे 'क्रमांक' हा रकानाच नव्हता. रिकामा नव्हे, नव्हताच. नवा रकाना फक्त दूध घालणाऱ्यांच्या नोंदीत भरला जात होता. आणि फायरस्टोअरची रीत अशी, की एखाद्या रकान्यावर क्रम लावायला सांगितलं तर ज्या नोंदीत तो रकाना नाही ती नोंद उत्तरात येतच नाही. शेवटी ढकलत नाही, तक्रार करत नाही. गाळून टाकतं. लाल अक्षर नाही, इशारा नाही. यादी नीटनेटकी, क्रमाने, सुंदर. आणि खोटी.

मी एकटी असते तर हे कधी सापडलं असतं कुणास ठाऊक. १९५ ओळींच्या यादीत १९ नाहीत हे मला पडदा बघून कळलं नसतं. अण्णांना कळलं, कारण त्यांच्यासाठी ती यादी नव्हतीच, ती माणसं होती. आणि भाकड काळातच तर त्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. दूध बंद, पण पेंडीची उचल चालूच असते. वसूल करायची ती म्हैस व्यायल्यावर. नेमके देणेकरीच यादीतून गायब!

उपाय पाच मिनिटांचा. सगळ्या नोंदींत तो रकाना एकदाच भरून घेतला. शिवाय यादीच्या डोक्यावर एक आकडा टाकला, 'एकूण सभासद', जो यादीतून नाही तर संस्थेच्या मूळ नोंदीतून येतो. दोन्ही जुळले नाहीत तर तो लाल होतो. टॅलीवालीची खोड. ताळा घेतल्याशिवाय झोप येत नाही.

ओळीच्या दिसण्याबद्दलही सांगते, कारण तिथे माझी चूक अगदी बाळबोध होती. ओळ काढताना मी नमुना म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव टाकलं होतं. छोटं नाव, छोटं आडनाव. ओळ देखणी दिसली. खरी नावं आली तेव्हा त्यांत बापाचं नाव, आडनावाला जोडलेलं दुसरं आडनाव आणि पुढे कंसात गल्ली. आमच्या यादीत पाटीलच ३१ आहेत, गल्ली नाही लिहिली तर कळणार कसं? ओळीच्या उजव्या कडेला पिवळे-काळे पट्टे उमटले, रस्त्याच्या कामावर लावतात तसे, आणि बारीक अक्षरात अमुक पिक्सेल बाहेर सांडलं असा मजकूर. फ्लटरची ही पद्धत मला आवडली. निदान ओरडतं तरी. नावाच्या चौकोनाला 'उरलेली जागा तू घे, दोन ओळींत मावलं नाही तर शेवटी टिंबं दे' असं सांगितलं. रकमेला जागा राखून ठेवली, ती कधीच आक्रसायची नाही. नाव अर्धं दिसलं तरी अण्णा ओळखतात, रक्कम अर्धी दिसून चालणार नाही.

मग अण्णांच्या फोनवर परत पट्टे. त्यांनी फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. तेव्हापासून माझा नमुना ठरलेला आहे. यादीतलं सगळ्यात लांब नाव, सहा आकडी रक्कम, सगळ्यात मोठी अक्षरं. त्यात ओळ टिकली तर बाकी २१३ टिकतात. आणि रिकाम्या यादीचंही बघावं लागतं. संध्याकाळचं दूध सुरू व्हायच्या आधी आजच्या संकलनाची यादी रिकामीच असणार. माझ्या ॲपमध्ये तेव्हा पांढराशुभ्र पडदा यायचा, आणि अण्णा फोन बंद करून चालू करायचे. आता तिथे 'अजून नोंद आलेली नाही' एवढं लिहून येतं. यादी रिकामी असेल तर काय दाखवायचं याची सोय फ्लटरफ्लोमध्येच आहे, मला ती दीड महिन्याने दिसली.

आता ज्या प्रसंगाने मी घाबरले तो. १० जून, बिलाचा आदला दिवस. सकाळी आठच्या सुमारास अण्णांचा फोन, मी बसमध्ये. "यादी येईना. गोल गोल फिरतंय नुसतं." मापाड्याच्या फोनवरही तेच. दिवसभर लोक विचारत राहिले, अण्णा परत पहिल्यासारखे संस्थेत चकरा मारत राहिले. मी ऑफिसात कुणाचं तरी जीएसटीचं काम पुढ्यात ठेवून चोरून भाच्याला मेसेज करत होते. आणि मग दुपारी साडेबाराच्या सुमारास यादी आपोआप आली. कुणी काही केलं नव्हतं.

बिघाड झाला तर समजू शकतं. बिघाड आपोआप बरा झाला की भीती वाटते.

संध्याकाळी भाच्याने साठ्याच्या वापराचा तक्ता उघडला आणि हसायलाच लागला. फायरस्टोअर फुकट वापरायला देतं त्यात दिवसाला ५०,००० नोंदी वाचता येतात. आमचा कोटा सकाळीच संपला होता. आणि 'दिवस' बदलतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री, म्हणजे जूनमध्ये आपल्याकडे दुपारी साडेबाराला. कॅलिफोर्नियात बारा वाजले तेव्हा कागल तालुक्यात यादी सुरू झाली.

पण २१४ माणसांच्या गावात ५०,००० नोंदी कोण वाचतंय? मीच. बघा कसं. प्रत्येक ओळीत रक्कम दाखवायची होती. ती मी अशी काढली, की ओळीच्या आत अजून एक क्वेरी, जी त्या सभासदाच्या दहा दिवसांच्या सगळ्या नोंदी आणते आणि त्यांची बेरीज करते. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, म्हणजे २० नोंदी. घरी गायही आणि म्हैसही असेल तर ४०, कारण दोन्ही दुधं वेगळी मोजतात. दराचा आधारच वेगळा, गाईला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), म्हशीला ६ आणि ९. तर एकदा यादी उघडली की साडेचार हजारांच्या घरात नोंदी वाचल्या जात होत्या. अकरा-बारा वेळा उघडली की कोटा खलास. बिलाच्या आदल्या सकाळी अण्णा आणि मापाडी मिळून अकरा वेळा तर दूध मोजता मोजताच उघडतात.

यात अजून एक मेख होती, आणि ती मीच मारून ठेवलेली. खरं तर लिस्टव्ह्यू शहाणा असतो. पडद्यावर आठ-दहा ओळी मावतात, तो तेवढ्या आणि वरखालच्या थोड्याच तयार करतो. बोटाने सरकवाल तशा पुढच्या. अँड्रॉइडमध्ये २०१४ साली रिसायकलरव्ह्यू नावाचा यादीचा घटक आला तो याच कामासाठी, गेलेल्या ओळींचे साचे परत वापरायला. मग माझ्याकडे सगळ्या २१४ ओळी एकदम का तयार होत होत्या? तर सुरुवातीच्या दिवसांत मी यादीच्या वर एकूण रकमेचा एक मोठा चौकोन ठेवला होता आणि तो यादीबरोबर सरकावा म्हणून दोन्ही एका सरकणाऱ्या कॉलममध्ये, म्हणजे एकाखाली एक मांडायच्या चौकटीत, घातले होते. लगेच चूक आली, 'व्हर्टिकल व्ह्यूपोर्ट वॉज गिव्हन अनबाउंडेड हाइट', म्हणजे यादीच्या उंचीला मर्यादाच दिलेली नाही. यूट्यूबवर एकाने सांगितलं, श्रिंक रॅपवर टिचकी मारा. मारली. यादी दिसली. काय आहे ते वाचायच्या भानगडीत कोण पडतंय.

श्रिंक रॅपचा अर्थ, यादीने स्वतःची पूर्ण उंची मोजून तेवढं व्हायचं. सरकणाऱ्या कॉलमच्या पोटात ठेवलं की पूर्ण उंची कळायला सगळ्या ओळी आधी तयार व्हायलाच हव्यात. मग प्रत्येक ओळीची क्वेरी धावली. एका टिचकीने २१४ बेरजा.

इथे मात्र मला माझ्या धंद्याने तारलं. भाचा काही तरी क्लाउडमधला जड उपाय सांगत होता, आणि माझ्या डोक्यात एकदम आलं, की अरे, मी प्रत्येक वेळी कीर्द चाळतेय. कीर्द म्हणजे रोजच्या नोंदी, घडल्या तशा. एखाद्याची बाकी विचारली तर कुठलाही मुनीम कीर्द पहिल्यापासून चाळत बसत नाही, खतावणीचं त्याचं पान उघडतो. शेवटची बाकी तिथे लिहिलेलीच असते. मी खतावणीच ठेवली नव्हती! सभासदाच्या नोंदीत एक 'चालू बिल' रकाना केला. स्क्रिप्ट दूध चढवते तेव्हाच त्यात भर घालते, बिल निघालं की शून्य करते. यादीने आता फक्त हा आकडा दाखवायचा. चौकोन कॉलमच्या वरच्या भागात स्थिर केला, यादीला खालची उरलेली जागा दिली, श्रिंक रॅप काढून टाकलं, आणि नोंदी वीस-वीसच्या टप्प्याने आणायला सांगितल्या. एकदा उघडली की वीस वाचनं. कोट्याच्या तक्त्यातली रेघ जमिनीला टेकली ती टेकली.

भाचा म्हणाला, "मामी, आमच्या सिलॅबसमध्ये याला वेगळं नाव आहे." असेल. त्याला मी खतावणीच म्हणणार.

एवढं झाल्यावर अण्णांची मागणी आली, की उचल तिथल्या तिथे लिहिता यावी. सभासद येतो, पाचशे मागतो, ओळीतच एक खोकं असावं, त्यात ५०० टाकावेत. मी ओळीत खोकं ठेवलं. अण्णांनी वरच्या शोधात 'पाटील' टाकलं, तिसऱ्या ओळीतल्या पाटलाच्या खोक्यात ५०० लिहिले, आणि जतन करायच्या आधी शोध पुसला, कारण कुणीतरी दुसरंच काही विचारायला आलं. यादी परत पूर्ण झाली. तिसरी ओळ आता सभासद क्रमांक तीनची, आणि ५०० तिच्या खोक्यात जसेच्या तसे बसलेले. तीन नंबरवाल्या म्हातारीने त्या दिवशी काहीच मागितलं नव्हतं.

नशीब, मी शेजारी उभी होते. हा प्रकार समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. खोक्यात लिहिलेलं हे माणसाशी बांधलेलं नव्हतं, जागेशी बांधलेलं होतं. 'तिसऱ्या ओळीतलं खोकं'. ओळीत माणूस बदलला, खोकं तेच राहिलं. फ्लटरला ओळीची ओळख आपण सांगावी लागते, त्याला की म्हणतात, किल्ली. ती दिली नाही तर ते जागेवरून ओळखतं. ओळ वेगळा घटक करून त्याला सभासद क्रमांकाची किल्ली लावली. आता पाटलांचे ५०० पाटलांबरोबर हलतात. मागे ओळीच्या डावीकडे मी सभासद क्रमांकाऐवजी यादीतला अनुक्रम दाखवायचे, तेही त्याच वेळी काढून टाकलं. तो तर शून्यापासून सुरू होतो. पहिल्या सभासदाला शून्य नंबर दिसला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

तरीही शेवटी उचलीच्या बाबतीत मी अण्णांचं ऐकलं नाही. ओळीतलं खोकं काढून टाकलं. ओळीवर बोट ठेवलं की त्या माणसाचं पान उघडतं, वर मोठ्या अक्षरात नाव, खाली एकच खोकं. एक बोट जास्त. पैशाच्या नोंदीला ते असावं. आणि त्या साठ्याला कुलूपही घातलं. तोवर तो कुणालाही उघडा होता, त्यावरून भाच्याकडून बोलणी खाल्ली. आता फक्त अण्णा आणि मापाडी आत जाऊ शकतात.

गेल्या बिलाला मी मुद्दाम रजा घेऊन संस्थेत बसले. अण्णांच्या पुढ्यात वही उघडी, शेजारी फोन. कुणी विचारलं की आधी फोनवर बोट, मग वहीवर बोट, दोन्ही जुळले की मगच तोंड उघडायचं. ज्या १९ जणांपासून हे सुरू झालं त्यांतल्या एकाची म्हैस तेवढ्यात व्याली होती. तो आला, त्याची ओळ दिसली, पेंडीची उचल कापली गेली आणि त्याने सगळ्यांच्या देखत कुरकुर केली, की फोनमध्ये आलं म्हणून कापलं.

गर्दी ओसरल्यावर अण्णांनी फोन माझ्याकडे सरकवला. "ही यादी कागदावर काढायची." मी म्हटलं, अण्णा, ही सरकणारी यादी आहे, हिला पानं नसतात. "मग घाल की. तीस ओळींचं एक पान. खाली बेरीज, 'पुढील पानावर'. पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून'."

दिवाळीनंतर बघते म्हटलंय.